पौंडभाऊ

पौंडभाऊ माणसाशी हात मिळवायचे आणि त्याच्या रॅकेटची तार किती पौंडांवर ताणायची ते सांगायचे. मनगट हलकेच दाबून बघायचे, कोपर वाकवायला लावायचे आणि मग आकडा. ऐंशीच्या दशकात वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्लबात टेनिस खेळणारे आम्ही मोजकेच. पण तारेचा ताण विचार करून ठरवायचा असतो, हे त्यांच्याआधी कुणाच्या गावीही नव्हतं.

ते मूळचे कुरखेड्याचे, वीजकेंद्रात माझ्याच हुद्द्यावरचे इंजिनिअर. मी नागपूरच्या कॉलेजात टेनिसचा कप्तान होतो. ते येईपर्यंत क्लबात माझाच शब्द चालायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझी रॅकेट घेतली, तारांवर तळवा आपटला आणि विचारलं, "साठ पौंड? काऊन साहेब, बॉलवर राग हाय का?"

सगळे हसले. बाकावर बसलेली माझी बायको, सुनंदासुद्धा.

"तार कसली का बॉल सांगाल तिथी जाते, पण जोर तुमाले लावा लागते," ते समजावायचे. "ढिली ठेवली का तारच जोर देते. मंग दिशा तुमी सांभाळा." सुट्टीवर नागपूरला निघाले की तारा ताणून आणायला अर्ध्या क्लबाच्या रॅकेटी त्यांच्या पिशवीत असायच्या. माझी नसायची. मी स्वतः जाऊन ती आणखी कसून आणली. महिनाभरात कोपर असं धरलं की चहाचा कप डाव्या हाताने उचलावा लागला. त्यांनी घरी येऊन शेक कसा द्यायचा ते सांगितलं, तेव्हा तर जास्तच ठणकलं.

एकदा त्यांनी सुनंदाला विचारलं, "वहिनी, तुमी काऊन नाई खेळत?"

"यांना वेळ नसतो," ती म्हणाली. वेळ मला होता. तिला शिकवायचा कंटाळा होता.

त्यांनी आपली जुनी रॅकेट ढिली ताणून तिला दिली. "तुमच्या हातात जोर हाय, सवय नाई. तवरिक तार जोर देईल." पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच ती थोडी कसून आणली. "भाऊ म्हणतात, आता जोर माझा," सुनंदा जेवताना म्हणाली. मी भात कालवत राहिलो. संशय नव्हता. भाऊ इतके सरळ होते की तेवढीही सोय नव्हती. पण लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिच्या हातात जोर आहे हे मला कुणीतरी सांगावं लागलं होतं.

त्या वर्षी क्लबाच्या मिश्र दुहेरीत मी एका सहकाऱ्याच्या बायकोबरोबर उतरलो आणि अंतिम सामन्यात समोर ते दोघं होते. शेवटच्या पॉइंटला मी जाळीजवळ धावलो. चेंडू भाऊंच्या आवाक्यात होता, पण ते बाजूला झाले. सुनंदाने तो माझ्या बाजूने काढून रेषेवर मारला. "वा वहिनी!" भाऊ ओरडले. आणि ती हसली. तसं हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं.

वर्षभराने त्यांची बदली झाली. ट्रक भरून निघाला तेव्हा सुनंदाचे डोळे भरले होते. मी "येत राहा" म्हणालो आणि मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, "चल, आपण खेळू." तेव्हापासून आम्ही जोडीने खेळतो. ती अजूनही माझ्यापेक्षा बरी खेळते. पण चेंडू दोघांच्या मधोमध आला की ती थबकते आणि म्हणते, "तुमचा!"

भाऊंबरोबर खेळताना ती "माझा!" म्हणून ओरडायची.