पांढऱ्या तुकड्यातली माती

नव्वदच्या दशकात मी सांगलीला बी.एस्सी. करत होते. आष्ट्याकडची उसाची रानं खारवट का होतात, या माझ्या प्रकल्पाला विद्यापीठाचं अनुदान मिळालं. चुलत्यांना घरच्या रानातली माती मागितली, तर त्यांनी सगळ्यात कसदार तुकड्यातली आणली, तीही चाळून, खडे वेचून. जणू मुलगी दाखवायची होती! मी ती अंगणात ओतली, कुदळ उचलली आणि मीठ फुटलेल्या पांढऱ्या तुकड्याकडं निघाले.

चुलते मागनं ओरडत आले, "अगं, ती माती विद्यापीठात दावून घराची अब्रू घालवतीस व्हय?"

"तितं कुसळ उगवत न्हाई, काका. अब्रू कुठनं उगवायची?" मी म्हणाले आणि कुदळ मारली.