अमेरिकन शिपायाच्या पत्राला जुबेदाचा टाका

भूतबीत मी मानत नाही. आमच्यात गेलेला माणूस परत येत नाही, हे लहानपणीच शिकवलेलं. पुढे उभा जन्म दुबईत शटरिंगची सुतारकी केली. अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगींत एकटा झोपलोय, कधी काही दिसलं नाही. उंदीर दिसले. सून या ग्रुपवरचे किस्से वाचून दाखवायची तेव्हा मी म्हणायचो, रिकामटेकडे लोक आहेत. आता मीच लिहितोय. शाळा चौथीपर्यंत. मी कागदावर लिहिलंय, सून शबनम मोबाइलवर टाइप करून देतेय. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

माझी बायको जुबेदा गेल्या पावसाळ्यात वारली, आमच्या गावी, रत्नागिरीजवळ. मी तेव्हा इथे दुबईत, मुलाकडे होतो. मुलाने दोघांना व्हिजिटवर बोलावलेलं, पण ती विमानाला घाबरायची, आली नाही. फोनवर म्हणाली, "एक गोष्ट सांगायचीय. तुम्ही आलात की सांगते."

म्हटलं, आत्ता सांग की.

"नको. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, सगळं घर ऐकतं."

त्याच आठवड्यात ती गेली. झोपेतच. मी पोचेपर्यंत दफन झालं होतं. तिच्या बहिणीला विचारलं, शेजारणींना विचारलं... कुणाला काही माहीत नाही. घर, जमीन, मला कशाचं काही नव्हतं. ती काय सांगणार होती तेवढं पाहिजे होतं. मग मुलगा इम्रान मला परत इथे घेऊन आला.

आमचा फ्लॅट डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, पहिला मजला, खाली पार्किंग. नात झोया सातवीत, मला आजोबा नाही, दादा म्हणते. तिला शाळेतून हिस्ट्रीचं प्रोजेक्ट मिळालं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं (तिथेही होतं, मला माहीत नव्हतं), त्यांच्याशी लढणाऱ्या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं तिकडे म्यूझियममध्ये जपून ठेवलीत म्हणे. एकेका मुलाला एकेक पत्र दिलेलं. चहाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर ते हाताने उतरवायचं आणि तेव्हाच्यासारखी घडी घालायची. तेव्हा पाकीट नव्हतं.

झोयाचा शिपाई बायकोला लिहीत होता. तिने मला अर्धं इंग्लिश अर्धं मराठीत सांगितलं. थंडी आहे, बूट फाटलेत, लाकडं कोण फोडून देतं, वासरू जगलं का. आणि पत्र गावाकडे जाणाऱ्या एका माणसाच्या हाती देतोय, उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

मी म्हटलं, हे तर आमचंच. आम्हीही इथल्या करामा भागातल्या खोलीतून गावाला जाणाऱ्याच्याच हाती चिठ्ठ्या द्यायचो.

मग विचारलं, "त्याच्या बायकोने काय लिहिलं?"

"टीचर सेड, नो रिप्लाय वॉज फाउंड."

"दिलं असेल गं तिने उत्तर. कॅम्पात बाईची चिठ्ठी कुठे टिकते?"

"दादा, यू डोन्ट नो दॅट."

"मला माहितीय."

घडी घातलेलं पत्र तिने जेवायच्या टेबलावर ठेवलं. शनिवारची दुपार. "यल्ला, खाली जाऊन येऊ," इम्रान म्हणाला. आम्ही चौघंही ग्रोसरीत गेलो. कुलूप शबनमने लावलं, तिनेच उघडलं.

परत आलो तर ते पत्र शिवलेलं.

होय, शिवलेलं. सुई-दोऱ्याने, उघड्या कडेवर. पांढरा जाड सुती दोरा, साखळीचा टाका, तांदळाच्या गोणीचं तोंड शिवतात तसा, पण बारीक. मी बघताक्षणी ओळखलं. कारण हे जुबेदाचं काम. आमच्या खोलीतली पोरं एकमेकांच्या बायकांच्या चिठ्ठ्या फोडून मोठ्याने वाचायची, हसायची. तिला ते कळलं तेव्हापासून ती चिठ्ठी अशी शिवून पाठवायची. योग्य टोक ओढलं की सर्रकन उसवतं, चुकीचं ओढलं की गाठ बसते. योग्य टोक मलाच माहीत.

झोया रडायला लागली, "माय प्रोजेक्ट!" शबनम हळूच म्हणाली, "अब्बा, तुम्ही तर नाही ना...?"

"मला सुईचं भोक दिसतं का? आणि मी तुझ्यासोबत कांदे निवडत होतो!"

इम्रान म्हणाला, "गोणीचा दोरा अडकला असेल, अब्बा."

"गोणीचा दोरा आपणहून कागदात शिरतो का रे, गाढवा?"

झोयाने कात्री आणली. मी तिचा हात धरला. डावीकडचं टोक ओढलं... सर्रकन सगळं उसवलं.

घाईघाईने कागद उघडला, उलटा केला, उजेडात धरला. झोयाच्या अक्षरातलं शिपायाचं पत्र, बस. तिच्याकडून पुन्हा पूर्ण वाचून घेतलं. लाकडं, वासरू, बूट.

"आणि?"

"दॅट्स इट, दादा. मग त्याचं नाव."

प्रोजेक्ट शाळेत गेलं. कडेला भोकं आहेत म्हणून टीचर खूश झाली, तेव्हाचे लोक असं करायचे का म्हणून तिने विचारलं. झोयाने सांगितलं, माय दादी डिड.

मी खूप विचार केला. ते पत्र नवऱ्याने बायकोला लिहिलेलं. म्हणजे आता लिहायची पाळी माझी, असं असेल का? मी लिहिलं. जास्त नाही. इकडे बरा आहे, शबनम माशाचं कालवण तुझ्यासारखं करत नाही (हे ती टाइप करताना हसली), काय सांगायचं होतं ते सांग, मी ऐकायला एकटाच आहे. घडी घातली, टेबलावर ठेवली. सगळ्यांना म्हटलं, चला खाली. इम्रानने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.

परत आलो. तसंच होतं.

मग पुढच्या शनिवारी. मग त्याच्या पुढच्या. आता घरात ठरूनच गेलंय, शनिवारी दुपारी सगळ्यांनी खाली जायचं. इमाम साहेबांना विचारलं, ते म्हणाले दुआ करा. डॉक्टर म्हणाले झोप पूर्ण घ्या. तो टाका कुणी घातला, का घातला, कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

काल शबनम पांढरा दोरा विकत घेऊन आली. म्हणाली, "अब्बा, मी शिवून देऊ?"

म्हटलं, "राहू दे. उघडं बरंय. तिला वाचायला सोपं."