मामांचा निळा रंग

सुजातानं तिचा फझ पेडल, गिटारचा आवाज खरखरीत करणारा डबा, माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला. मी सोल्डरिंगची गन गरम केली आणि राळेच्या वासासरशी मी हिंगोलीत मामांच्या ओसरीवर पोचलो.

मामांची गावोगावी कार्यक्रम करणारी गायन पार्टी होती; पेटी ते स्वतः वाजवायचे. त्यांच्या लेकीला, सुजाताला, गिटारचा आवाज खरखरीत हवा होता, म्हणून मी हळदीच्या पत्र्याच्या डब्यात याच पेडलचं सर्किट जुळवलं. छान वाजलं. मग स्टेजवर शोभावा म्हणून मामांनी डबा आतूनबाहेरून निळा रंगवला. सर्किट परत बसवलं, तर गिटारच्या आधी डबाच घुमू लागला.

"संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत हे थांबलं न्हाई, तर सुजी पेटीवर बसंल," मामा म्हणाले.

"काहून? पेटीवर तुमी हाव की!" सुजाता म्हणाली.

मी ट्रान्झिस्टर बदलला, बॅटरी बदलली. घुमणं तसंच. वैतागून सुजातानं कैचीचं टोक गिटारची वायर लागते त्या सॉकेटवरून डब्याच्या कडेला टेकवलं. तिथं रंग उडाला होता. एकदम शांत.

"बाबा, तुमचा रंगच मधी येऊन राहिला! सॉकेट पत्र्याला लागंनाच, मंग अर्थिंग कसं मिळंल?"

तिनं सॉकेटभोवतीचा रंग खरडला. मामांनी डोळे मिटले. गिटार करवतीसारखी गरजली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खरडलेली बाजू लोकांकडं करू नका."

तो ओरखडा तेव्हा मलाही खटकला होता. आता निम्मा रंग उडालाय, आणि डबा पहिल्यापेक्षा बरा दिसतो.