ग्लेनिसची पुढची सीट

मर्विन ट्रेझाइझचा जळफळाट दर गुरुवारी दुपारी साडेचारला सुरू व्हायचा. शेजारचा रोल्फ नोस्के तेव्हा आपली गाडी फाटकाशी आणायचा. मर्वची बायको ग्लेनिस गाण्याची वही घेऊन बाहेर पडायची आणि रोल्फशेजारी बसून साठ किलोमीटरवरच्या शहरात गायनवृंदाच्या तालमीला जायची. मर्व स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहायचा आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायचा.

कारण सरळ होतं. मर्वच्या जुन्या स्टेशन वॅगनचे पाच लाख किलोमीटर झाले होते. गव्हाच्या शेतांमधला कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा, त्यावर ती असा खडखडाट करी की दात हलावेत. ग्लेनिस पाठ धरून म्हणाली होती, रोल्फ जातोच आहे तर त्याच्याबरोबर जाईन. रोल्फ विधुर, वृंदात खर्जात गाणारा. शिवाय माणूस चांगला, आणि मर्वला तेच सगळ्यात जास्त खुपायचं. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मर्वचा उभा जन्म गव्हाच्या कोठारावर ट्रकची वजनं लिहिण्यात गेला होता. हाताला सवय पेनची, पान्याची नाही. तरी अडुसष्टाव्या वर्षी त्याने ठरवलं की गाडी आपणच ठीक करायची आणि बायकोला पुन्हा आपल्या शेजारी बसवायचं. गॅरेजवाल्याकडे टाकली असती तर काम दोन दिवसांत झालं असतं, पण मग त्यात मर्वने काय केलं? त्याने नवे शॉकअब्सॉर्बर आणि चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांत बसणारे रबरी बुश मागवले, गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली आणि खाली सरपटला.

आठवडा गेला. गंजलेले बोल्ट हलेनात, बोटं सोलली. ग्लेनिस चहा आणून ठेवी आणि रोल्फला बोलवू का, असं विचारी. ते ऐकलं की मर्व आणखी जोर लावी. शेवटी सगळं बसलं. गाडी वरच असताना, खाली भरपूर जागा होती तेव्हाच, त्याने एकेक बोल्ट घामाघूम होऊन करकचून आवळला.

पहिल्या गुरुवारी ग्लेनिस कौतुकाने त्याच्या गाडीत बसली. गाडी कडक झाली होती. प्रत्येक खड्ड्याला खालून कण्हल्यासारखा आवाज येई. तिसऱ्या गुरुवारी काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि जुना खडखडाट परत आला. चौथ्या गुरुवारी ती वही घेऊन रोल्फच्या गाडीकडे गेली. मर्वला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून रोल्फच्या दारात उभा राहिला. रोल्फ आला, त्याने वाकून पाहिलं, फाटलेल्या रबरावरून बोट फिरवलं.

"बोल्ट आवळलेस तेव्हा चाकं लोंबकळत होती ना?"

मर्वने होकाराची मान हलवली.

"मग गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जाणारच, मित्रा. आधी चाकं टेकवायची, गाडीचं वजन बसू द्यायचं, मग आवळायचं. जन्मभर लोकांचे ट्रक तोललेस आणि स्वतःच्या गाडीचं वजन विसरलास?"

मर्वच्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण टोमणा खरा होता. रोल्फने हात लावू का विचारलं, तेव्हा तो नको म्हणाला. फक्त त्याच्याकडचे रेल्वे रुळांखालचे चार जाड लाकडी ओंडके मागून घेतले. नवे बुश आले, तेव्हा त्याने ते घालून बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले, चाकं ओंडक्यांवर उतरवली आणि छाती गाडीच्या तळाला घासत एकेक बोल्ट आवळला.

पुढच्या गुरुवारी वॅगन त्या रस्त्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मर्वने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ग्लेनिस बाहेर बघत होती. दहा किलोमीटर झाले, वीस झाले, तीस झाले. आता खडखडाटही नव्हता, त्यामुळे गाडीतली शांतता चांगलीच ऐकू येत होती.

"पाठ कशी आहे?" त्याने विचारलं.

"पाठ केव्हाच बरी झाली, मर्व."

त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. "मग त्याच्या गाडीत का जायचीस?"

"तो बोलतो. मेलेल्या बायकोबद्दल, मेंढ्यांबद्दल, काहीबाही. तू शहर येईपर्यंत तोंड उघडत नाहीस. चाळीस वर्षं मी हा रस्ताच बघत आले."

मर्वने पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर ठेवला. बोलण्यासारखं त्याच्याजवळ एकच होतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

"रोल्फवर मी जळतो," तो म्हणाला. "फार जळतो. दर गुरुवारी. पोटात दुखतं माझ्या."

ग्लेनिसने खिडकीकडची मान वळवली आणि वही मांडीवरून बाजूला ठेवली.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणखी सांग. अजून तीस किलोमीटर आहेत."