रामटेकेकाकांची जय्यत तयारी

धम्मपाल रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत अगदी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. २०२१च्या त्या एप्रिलमध्ये काका तापाने फणफणून खोलीत बंद होते. खाली ॲम्ब्युलन्स येत होत्या, लोक सिलिंडरसाठी वणवण करत होते आणि हे खिडकीतून बघत होते. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "हेमांगी, कामाच्या वेळेला मी कामाचा नव्हतो," असं मला कितीदा तरी म्हणाले आहेत.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात टीव्हीवर नव्या व्हेरिएंटची आरडाओरड सुरू झाली तसे काका एकदम टवटवीत झाले. दोन दिवसांत कमिटी, ड्यूटी चार्ट, सहा ऑक्सिमीटर आणि भाड्याचं ऑक्सिजन मशीन! एकट्या राहणाऱ्या अकरा वृद्धांची यादी झाली. रोज संध्याकाळी पाचपासून प्रत्येकाला फोन: ताप किती, ऑक्सिजन किती, जेवलात का. सगळं वहीत.

आणि तो व्हेरिएंट निघाला अगदीच मिळमिळीत. सोसायटीत पाच जण आजारी पडले, वरणभात खाऊन बरे झाले. त्यातला अंशुमन तर चौथ्या दिवशी क्रिकेट खेळताना सापडला. सापडला म्हणजे काकांनीच त्याला पकडला.

"तीन दिन में ठीक? रिपोर्ट ठीक से देखी थी?"

मला आधी हसू आलं, मग चीड आली. माणसं बरी झाली म्हणून तोंड पाडून बसायचं म्हणजे काय! पण खोटं कशाला बोलू, बातम्या थंडावल्या तेव्हा मलाही चुकल्यासारखं झालं होतं. भीतीच्या निमित्ताने का होईना, पंधरा दिवस सगळे एकमेकांची दारं वाजवत होते. त्याची मला लाजही वाटली.

जूनच्या शेवटी मी माझ्याकडचं ऑक्सिमीटर परत द्यायला गेले. मशीन गेलं होतं, कमिटी बरखास्त झाली होती. पाच वाजले होते, तरी काका वही उघडून बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडे ए टॉवरच्या कुमुदताई. त्यांचे यजमान गेले तेव्हापासून त्या एकट्याच असतात.

"नमस्कार. ताप?"

"नाही."

"ऑक्सिजन?"

"सत्त्याण्णव."

"जेवण?"

"मुगाची खिचडी."

काकांनी घसा खाकरला. "अजून पंधरा दिवस बिल्कुल गाफील राहायचं नाही बरं का. वरून ऑर्डर आहे."

वरून कुठलीही ऑर्डर नव्हती. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी नजर चुकवली.

"रामटेकेसाहेब, पेपर माझ्याकडेही येतो," कुमुदताई म्हणाल्या. "साथ संपली."

काकांचं पेन थांबलं. वही मिटायला त्यांनी हात पुढे केला.

"आणि ते ऑक्सिमीटर मी सोमवारीच गार्डकडे दिलंय. आज गुरुवार. चार दिवस सत्त्याण्णव मी मनानेच सांगते आहे. तुम्ही लिहून घ्या. आणि उद्यापासून जरा लवकर करा फोन, पाचपर्यंत वाट बघवत नाही."