पट्ट्याचा लांब तुकडा

धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या कपाटात एक निळा पट्टा सापडला. तो दोन झाडांमध्ये ताणून भाऊ त्यावरून तोल सांभाळत चालायचा. दर रविवारी सकाळी तो आणि त्याचा मित्र धरमपेठेजवळच्या मैदानात जात. मला कधी बोलावलं नाही, असं मी लोकांना सांगते. एकदा बोलावलं होतं. मी वाचत बसले होते.

महिन्याभराने मित्राचा फोन आला. पट्टा मिळेल का, असं त्याने संकोचून विचारलं. सापडत नाही, असं मी म्हटलं. पट्टा तेव्हा माझ्या मांडीवरच होता.

त्या रविवारी मी एकटी गेले. कशी मांडणी करायची ते वाचून ठेवलं होतं. एक टोक कडुलिंबाला बांधलं, पट्ट्याला पीळ पडू दिला नाही, दुसरं टोक जोर लावून ओढलं आणि दुसऱ्या झाडाला गाठ मारली. पाय ठेवला तर पट्टा सरळ गवताला टेकला. ट्रकवर माल आवळायला दांडा असलेली कडी असते ना, तसली कडी लावलेला एक आखूड तुकडाही लागतो. तो मित्राच्या घरी होता. भावाने वाटणी अशी केली होती की कुणा एकाला ते जमूच नये. मला इतका राग आला की गाठ सोडवायलाही हात वळेनात. शेवटी मित्राला फोन केला.

तो आला. पट्टा कुठे सापडला, हे विचारलं नाही. झाडाची साल सोलू नये म्हणून त्याने बुंध्यांना गोणपाट गुंडाळलं. ते आमच्याच घरातल्या तांदळाचं होतं. इथे आलेलं मला माहीत नव्हतं. पट्ट्याचं टोक त्याने कडीतून ओवलं, आधी सगळा ढिलेपणा हाताने ओढून घेतला, मग दांडा मागेपुढे करू लागला. भावाच्या शेजारी इतके रविवार राबलेले ते हात मला बघवेनात.

"ताई, बसा न मधात," तो म्हणाला.

मी बसले. टाचा जमिनीला लागल्या. त्याने मला उठवलं, कारण वजन असताना ताणायचं नसतं.

"त्याले अजून सात टकटक लागत होते. तुमाले पाच पुरतील."

मी भावाला पाळण्यापासून ओळखत होते. हे सात मला माहीत नव्हते.

कडी पाच वेळा वाजली. मी पुन्हा बसले. या वेळी टाचा अधांतरी राहिल्या. पट्टा खालून थरथरत होता आणि मित्र दुसरीकडे बघत उभा होता.

निघताना त्याने दोन्ही तुकडे गुंडाळून माझ्यापुढे धरले. "तुमच्याकडेच राहू द्या."

महिनाभर मला तेच हवं होतं. मी लांब तुकडा घेतला. कडीचा त्याच्याच हातात ठेवला, आणि रविवारी किती वाजता येणार ते विचारलं.