शुक्रवारचा हप्ता

माझ्या बाबांनी आयुष्यात कोणाचा एक रुपया बुडवला नाही, तरीही बँकेच्या लेखी ते बेभरवशाचे गृहस्थ निघाले.

ताईला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी बाबांचा क्रेडिट स्कोअर पाहून मान हलवली आणि आधी रिपोर्ट काढून वाचा म्हणाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यातून कॉमर्सचा. त्यामुळे आचोळ्याच्या आमच्या घरात जाहीर वाचन मलाच करावं लागलं. (मला अर्धंच कळलं, चेहरा मात्र पूर्ण कळल्यासारखा ठेवला.)

एवढं दिसलं, की बाबांच्या नावावर घेतलेल्या फ्रिजचे हप्ते अधूनमधून उशिरा गेले होते. हप्ता आईच्या खात्यातून, माझ्या मोबाइलवरून, आई सांगेल तेव्हा जायचा. बाबांनी आईकडे पाहिलं.

“पैसे तर मी आधीच देत होतो.”

“होते ना पैसे,” आई शांतपणे म्हणाली. “पण हप्त्याची तारीख शुक्रवारी आली, तर? शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. आणि कधी हा कॉलेजातून येतो दिवे लावल्यावर. तेव्हाही नाही.”

“मग शनिवारी?”

“एकदा शनिवारी अमावस्या आली.”

बाबांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. तू कॉमर्सचा ना, तुला काही वाटलं नाही? मला खरंच वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी पैसे मिळाले तर कंपनी रुसेल, हे आमच्या पुस्तकात कुठे होतं!

मी उपाय सुचवला: हप्ता बँकेनेच आपोआप कापून घ्यावा. आई घाबरली. म्हणजे शुक्रवारी पहाटे बँक स्वतः येऊन लक्ष्मी नेणार? मी पुष्कळ विचार केला. शेवटी म्हणालो, “गुरुवारी तू पैसे बाबांच्या खात्यात टाक. शुक्रवारी ते तिथून जातील.”

“बाबांचं खातं म्हणजे घरच ना?”

“ते विरारच्या शाखेत आहे.”

आईला हे पटलं. (मला अजून पटलेलं नाही.)

या यशामुळे माझा उत्साह वाढला. स्कोअर किती सुधारला ते पाहायला मी रोज नवं ॲप उघडू लागलो. खाली ‘पात्रता तपासा’ असं हिरवं बटण असायचं. तपासणं चांगलंच, म्हणून मी बाबांकडून ओटीपी घेऊन ते दाबायचो. स्कोअर आणखी घसरला. बाबांना कर्ज देऊ करणाऱ्या गोड आवाजाच्या मुलींचे फोन येऊ लागले. मग आई बाबांचे फोन स्वतः उचलू लागली.

मुदत संपत आली तेव्हा आम्ही चौघंही बँकेत गेलो. आईने साहेबांना शुक्रवारची सगळी हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांच्या आईचंही असंच आहे म्हणे. उशीर दोन-चार दिवसांचाच आहे, बाकी काही थकलेलं नाही, तसं लिहून द्या, मी वर पाठवतो, असं म्हणाले. मग चष्मा सावरून त्यांनी बाबांना विचारलं, “पण या महिन्यात तुम्ही इतक्या ठिकाणी कर्ज मागितलंत, ते कशासाठी?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं.

“स्कोअर सुधारण्यासाठी,” मी म्हणालो.

साहेबांनी तेही लिहून द्यायला सांगितलं. अखेर मुदतीच्या आत कर्ज मंजूर झालं. सह्या घेताना साहेबांनी सहज विचारलं, पुढे हप्त्यांचा व्यवहार घरात कोण पाहणार? आमच्या घरात कोणत्याही गोष्टीवर एकमत होत नाही. पण त्या दिवशी आई, बाबा आणि ताई एका सुरात म्हणाले, “हा सोडून कोणीही.”